कोर्डुला मावशी आणि उलटा बगळा

आमच्या गल्लीत असं बोलतात की कोर्डुला लाइमरिननं निव्वळ खुन्नस म्हणून एका मेलेल्या काउंटच्या घराण्याची ढाल उलटी केली. चांदीच्या पदकावर. जिवंतपणी तो तिला थेरडी म्हणाला होता, म्हणून मेल्यावर तिनं त्याचं अख्खं घराणं डोक्यावर उभं केलं. पाववाल्याची बायको हे शपथेवर सांगते, नाकात कणीक अडकल्यासारख्या आवाजात: "मी सांगत्ये ना, तिची नजरच तसली. तिनं नुसतं माझ्या दुधाकडं बघितलं, आणि दूध नासलं!"

सगळं खोटं. दूध आधीच नासलेलं होतं. त्या बाईचं भांडं ज्यानं एकदा हुंगलंय तो हे शपथेशिवाय सांगेल. आणि काउंट मावशीला थेरडी म्हणणार कसा? त्यानं तिला जन्मात पाहिलं नव्हतं. खरी गोष्ट अशी की ढाल उलटी कर असं तिला सांगितलं होतं, बजावून सांगितलं होतं, आणि तिनं ती केली नाही. भानगड झाली ती त्यावरून.

मी आफ्रा. आमचे बाबा शिंगांचे कंगवे करतात. आमच्या आणि मावशीच्या अंगणात एक मोडकं कुंपण आहे आणि त्या कुंपणाला एक भोक आहे, त्यामुळं आऊग्सबुर्ग शहरातल्या मोठमोठ्या लोकांची पदकं कशी बनतात हे मला त्यांच्या आधी कळतं. ती माझी सख्खी मावशी नाही. पण तिला दुसरं काही म्हणून बघा, आणि मग ती तुम्हाला काय म्हणते ते ऐका.

मावशी पदकांचे ठसे कोरते. ठसा म्हणजे मुठीएवढा पोलादाचा गट्टू. त्यात चित्र खोल खोदायचं, मग दोन ठशांच्या मध्ये चांदीची चकती ठेवून दाबली की दोन्ही बाजूंनी चित्र उठतं. हे ऐकायला फार सुंदर. पण कोरलेला ठसा मऊ असतो, त्याला कडक करावं लागतं, आणि तिथं आमच्या गल्लीचं दुर्दैव सुरू होतं. बाबांच्या कारखान्यातला शिंगांचा कचरा ती जाळून कोळसा करते. त्यात काजळी, मीठ आणि चिकणमाती कालवते, त्या काळ्या लगद्यात ठसा गुंडाळते आणि भट्टीत लाल होईपर्यंत भाजते. मग मातीचं कवच फोडून ठशाला पाणी देते. पाणी म्हणजे पाणी नव्हे. त्या पिंपात गल्लीतल्या पोरांनी आठवडाभर काय भरलेलं असतं ते मी लिहिणार नाही, वासावरून ओळखा. त्या दिवशी आमच्याकडं कोणी जेवत नाही. आम्ही कॅथलिक आणि समोरचे ल्यूथरवाले एरवी एकमेकांच्या सावलीला उभे राहत नाही, पण त्या दिवशी दोन्हीकडचे एकमेकांना हाका मारून खिडक्या लावून घेतात.

आणि एवढ्या घाणीत राहणाऱ्या या बाईला किळस कशाची, तर पदकांवरच्या चित्रांची.

ती सुऱ्या करणाऱ्याची मुलगी. लाइमरशी लग्न होऊन ती लाइमरिन झाली तेव्हा तो चांगला कोरायचा म्हणतात. पुढं दारूनं त्याचे हात थरथरायला लागले आणि कोरणी तिच्या हातात आली. वर्षानुवर्षं काम तिचं आणि कोपऱ्यात अक्षरं त्याची. एका शरद ऋतूत तो कालव्यात पडला तो पडलाच. त्यानंतरच्या पहिल्या पदकावर एका बिशपच्या खांद्याखाली तिनं स्वतःची दोन अक्षरं कोरली, न विचारता. बिशपनं हरकत घेतली नाही. तो स्वतःच्या हनुवट्या मोजण्यात गुंतला होता. तिनं तिन्ही दाखवल्या होत्या.

"सिंह बघ," ती मला म्हणायची. "प्रत्येकाच्या ढालीवर सिंह, आणि प्रत्येकाची जीभ बाहेर. जसा काही वैद्य समोर बसलाय. छ्या, बुळबुळीत."

बुळबुळीत हा तिचा शेवटचा शब्द. त्याच्यापुढं शिवी नाही. दोन डोक्यांचा गरुड बुळबुळीत: "एका डोक्यानं खायचं आणि दुसऱ्यानं म्हणायचं मी कुठं खाल्लं." स्वतःच्या छातीला चोच मारून पिल्लांना रक्त पाजणारा पेलिकन पक्षी बुळबुळीत: "ज्यानं हा मागवला त्यानं स्वतःच्या पोरांना साधे जोडे घेतले नाहीत." मांड्यांवर वळ्या असलेली, पंखवाली, नागडी, रडणारी बाळं तर सगळ्यात बुळबुळीत. आमच्या शहराच्या चिन्हावर पाइनच्या झाडाचं फळ आहे. तेवढंच तिला चालायचं. "हे निदान कुणाच्या अंगावर जात नाही."

तर गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर बॅरन ग्राइन तिच्या दारात आला. नाकाला लवंगांचा रुमाल, मागं कारकून क्विरीन. मी कुंपणाच्या भोकाशी होतेच. बॅरन बोलताना आधी ओठ चाटतो, वरचा मग खालचा, आणि वाक्यात एकदा तरी "म्हणजे कसं" म्हणतो. क्विरीन त्याचा शेवटचा शब्द उचलून परत म्हणतो, विहिरीत दगड टाकल्यासारखा.

"राइहरश्टाइनचे काउंट गेले," बॅरन म्हणाला. "म्हणजे कसं, माझे मेहुणे. फार दुःखद."

"दुःखद," क्विरीन.

"ऐकलं," मावशी म्हणाली. "चेहऱ्याचा साचा घेतलाय का? की मी मनानं सुंदर करू?"

"घेतलाय, मेणाचा. दफन तीन आठवड्यांनी. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चर्चच्या दारात एक पदक, काळ्या फितीत ओवलेलं. एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला ढाल." ओठ चाटले. "उलटी."

मावशीनं हातातली कोरणी खाली ठेवली. आमच्याकडं ढाल उलटी कधी करतात हे लहान पोरालाही ठाऊक असतं. घराण्यातला शेवटचा पुरुष गेला आणि मागं नाव चालवायला कोणी उरलं नाही, की दफनाच्या वेळी भालदार खड्ड्याशी लाकडी ढाल उलटी धरतो, "आज होते, यापुढे कधीच नाहीत" असं ओरडतो आणि हातोड्यानं तिचे तुकडे करतो. मग वाडा, शेतं, किल्ल्या, सगळं दुसऱ्याचं. इथं दुसरा म्हणजे बॅरन. त्याची बायको काउंटची बहीण.

"काउंटेसबाई पोटुशी आहेत असं ऐकलं होतं," मावशी म्हणाली.

"पोटात पाणी झालंय." बॅरननं रुमाल बाजूला करून एक दीर्घ उसासा टाकला आणि लगेच रुमाल परत लावला. "म्हणजे कसं, जलोदर. वैद्यांनी सांगितलं."

"जलोदर," क्विरीन.

"कुणाच्या वैद्यांनी?"

"माझ्या. आणि ढालीभोवती विझलेल्या मशाली हव्यात, एक कवटी, दोन रडणारी बाळं..."

"ते नाही जमायचं, सरकार. तीन आठवड्यांत बाळं कोरली तर ती रडणार नाहीत, शिंकतील. एक चेहरा, एक ढाल, चेहऱ्याभोवती नाव. बाकी मोकळं."

"पण शेवटचा पुरुष असं कुठंतरी लिहायला..."

"ढाल उलटी असली की त्यात सगळं आलं ना? की पाहुणे अडाणी आहेत तुमचे?"

बॅरन हसला. त्याचं हसणं म्हणजे बंद तोंडातून येणारा किलकिलाट, उंदराला उचकी लागल्यासारखा. मला आजही ते काढता येतं, पण काढल्यावर तोंड धुवावंसं वाटतं.

त्या घराण्याच्या ढालीवर बगळा आहे, चोचीत मासा धरलेला. मावशीनं तो कोरला आणि, खरं सांगते, कुणालाही न आवडणाऱ्या बाईनं एवढा छान बगळा कोरावा याचा मला रागच आला. मग तिनं ठसे कडक करण्याआधी शिशाच्या चकतीवर नमुना दाबून बॅरनला दाखवला. चेहऱ्याच्या डोक्याशी फितीसाठी कडी होती. कडीवर पदक फिरवलं की पुढं काउंट सरळ, मागं बगळा पाय वर करून.

बॅरननं ते पाच-सहा वेळा फिरवलं. काउंट, मेलेला बगळा. काउंट, मेलेला बगळा. "अगदी मेल्यासारखा दिसतो," तो म्हणाला आणि तो उंदीर पुन्हा उचकला. लहान पोराला खेळणं मिळावं तसा हा माणूस. मेहुणा तिकडं शिशाच्या पेटीत कुजतोय आणि हा इकडं फितीवर गिरक्या घेतोय. 

ज्या दिवशी मावशी ठशांना पाणी देत होती त्या दिवशी काउंटेस आली. एकटीच, एका म्हाताऱ्या दाईबरोबर. काळा पदर, सुजलेले पाय, आणि पुढं हे एवढं पोट. नवऱ्याचा चेहरा कसा झालाय ते बघायचं होतं. गल्लीभर खिडक्या बंद, मी तोंडावर फडकं बांधून भोकाशी.

"आत येऊ नका, बाईसाहेब," मावशी चिमटा धरून ओरडली. "आणि उलटी आली तर कालव्यात, भट्टीवर नको."

काउंटेस आत आली. दारातच थांबली आणि डोळे मिटून तिनं तो वास छातीभर ओढून घेतला. "हा कशाचा?"

"जळक्या शिंगांचा. बाकीचं विचारू नका."

"किती छान आहे," काउंटेस म्हणाली.

मावशीनं चिमटा वर उचलला. तिनं ठसा पिंपात बुडवला, चर्र करून वाफ उठली, आणि त्या वाफेत ही बाई उभी राहून हसतेय! जमिनीवर मातीच्या कवचाचे तुकडे पडले होते, काजळीनं काळे, शिंगाच्या राखेनं भरलेले. काउंटेस भिंतीला धरून कशीबशी वाकली, एक तुकडा उचलला, फुंकर मारली आणि तोंडात टाकला. कर्रम. मी फडक्याच्या आत किंचाळले. तिनं दुसरा घेतला. कर्रम, कर्रम. दात काळे, ओठ काळे, चेहऱ्यावर उपास सुटल्यासारखं समाधान.

"पुन्हा!" दाईनं कपाळ बडवलं. "काय सांगू बाई तुम्हाला, काल यांनी धुराड्याची भिंत चाटली. परवा गडूचं बूड खरवडलं. चारचौघांत खाऊ नका म्हणते तर ऐकत नाहीत."

"कितवा?" मावशीनं विचारलं.

"आठवा संपत आला."

मावशीनं तिच्याकडं बघितलं, अगदी तोंड वाकडं करून, झुरळ बघावं तसं. मग फाटकं फडकं घेतलं, चांगले भाजलेले तुकडे निवडले, बांधले आणि दाईच्या हातात कोंबले. "हे न्या. ओल्या जागी ठेवू नका. आणि माझ्यासमोर खाऊ नका, मला बघवत नाही."

तेवढ्यात काउंटेसला बाकावरचा शिशाचा नमुना दिसला. तिनं चेहरा बघितला, काळ्या अंगठ्यानं त्याचा गाल पुसला, आणखी काळा केला. मग फिरवलं.

"बगळा असा का?"

मावशीनं चिमटा पिंपाच्या काठावर ठेवला.

"तुमच्या नणंदेच्या यजमानांना असा हवाय," मावशी म्हणाली.

"पण मी अजून इथं आहे." काउंटेसनं पोटावर हात ठेवला. पदरावर पाच काळी बोटं उठली. "त्या दिवशी ढाल फोडली की ते लगेच किल्ल्या घेणार. मला मठात पाठवायचं ठरवलंय, डोंगरापलीकडं. तिथं बाळंत झाले तर साक्षीला कोण? उद्या म्हणतील, पाणी होतं, हे मूल कुठून आणलं?"

मावशी म्हणाली, "भट्टीजवळ उभ्या राहू नका. पदर पेटेल."

बस्स. एवढंच. ती गेल्यावर मी भोकातून आत गेले. "मावशी, ते जलोदर नाही! हे सरळ डोहाळे आहेत. पाणी झालेलं पोट कधी माती मागतं का?"

"मला डोळे आहेत."

"मग तू काय करणार?"

"काम करणार. दिलंय ना काम? फडकं बांध तोंडाला, त्यातून नुसता आवाज येतोय."

मला तिची शिसारी आली. खरंच आली. सिंहाच्या जिभेला नावं ठेवणारी ही बाई, आणि बॅरनसमोर हिचीही जीभ बाहेरच, असं मला वाटलं. मी दोन दिवस भोकाकडं फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी ती ठसे घेऊन टाकसाळीत निघाली तेव्हा मात्र राहवलं नाही, मागोमाग गेले.

टाकसाळीत मळसूत्री दाबयंत्र आहे, त्याचा आडवा दांडा चार माणसं फिरवतात. त्यांचा म्होरक्या बास्टियान, बैलासारखा माणूस आणि मांजरासारखा आवाज. वरचा ठसा चेहऱ्याचा, खालचा ढालीचा. दोन्हींच्या कडेला एकेक खाच. खाचेसमोर खाच आली की चेहरा सरळ आणि बगळा उलटा, बॅरननं पसंत केला तसा. बास्टियाननं खाचेसमोर खाच लावली. मावशी पुढं झाली, खालचा ठसा तिनं दोन्ही हातांनी धरला आणि अर्धा वळसा फिरवला.

"मावशी, खाच पार तिकडं गेली की," बास्टियान आपल्या त्या बारीक आवाजात म्हणाला.

"मला दिसतंय."

"मग बगळा..."

"उभा राहील. बगळ्याला पाय त्यासाठीच असतात."

बास्टियाननं मान खाजवली. "बॅरन सोलून काढेल तुला."

"काढू दे. कातडं तसंही बरं राहिलेलं नाही. मार दाब."

पहिलं पदक बाहेर आलं. तिनं फितीला धरल्यासारखं बोटांत धरून फिरवलं. पुढं काउंट, मागं बगळा, सरळ, चोचीत मासा. ठसा तोच, एक रेघ वेगळी नाही. मी तिला मिठी मारायला गेले तर तिनं कोपर मारलं. "लांब हो, तुला शिंगांचा वास येतोय." मला! तिनं!

प्रत्येक पदक काळ्या कागदात गुंडाळायची पद्धत आहे, त्यामुळं बॅरनच्या हातात गेल्या त्या नुसत्या काळ्या पुड्या. मावशीनं त्या स्वतः राइहरश्टाइनला पोचवल्या आणि मी गाडीत मागं बसून गेले, बाबांना न सांगता.

त्या चर्चचं वर्णन करायचं तर जेवणाआधी वाचू नका. तीन आठवड्यांचा काउंट. शिशाची पेटी कुठंतरी नीट डाखलेली नव्हती. जुनिपरच्या डहाळ्यांचा धूर, लिंबं, लवंगा, आणि त्या सगळ्यांच्या खालून तो गोडसर वास, गळ्यात बोट घातल्यासारखा. आणि लोक? बॅरनच्या बायकोनं भुवया काजळानं काढलेल्या, रडताना त्या गालावर उतरल्या. दोन जहागीरदार स्वयंपाकघरात कोणतं हरीण आहे यावर कुजबुजत होते. बॅरन दारात उभा, ओठ चाटत प्रत्येकाच्या हातात पुडी ठेवत होता: "म्हणजे कसं, आमची आठवण." कमरेला किल्ल्यांसाठी नवा कातडी पट्टा, रिकामा. आधीच बांधून आला होता!

काउंटेस ज्युडिथा पुढच्या बाकावर एकटी. तिच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं. मठात जाणाऱ्या बाईशी आता कोण ओळख ठेवणार.

भालदार खड्ड्याशी उभा, एका हातात लाकडी ढाल, दुसऱ्यात हातोडा. बाकांवर कागद उलगडल्याचा आवाज सुरू झाला. आणि मग काउंटची म्हातारी आत्या, मठाची मुख्य, ठार बहिरी, आपण कुजबुजतोय असं समजून ओरडली:

"अगं, बगळा उभा आहे की!"

सगळ्यांच्या माना वळल्या.

"ज्युडिथा! पोरी! मला सांगितलं नाहीस तू! मला हे म्हणाले, संपलं. कुठं संपलंय? बगळा उभा आहे! कधी आहे बाळंतपण?"

"आत्याबाई," बॅरन धावला, "ते पाणी आहे, पाणी..."

"नको, वाइन आण. पाणी सोसत नाही मला. आणि छान केलंस हो तू, ग्राइन. मला वाटायचं तू हावरट आहेस."

मी एका खांबाआड होते. मी माझा पदर तोंडात कोंबला. बॅरननं एका जहागीरदाराच्या हातातलं पदक ओढलं, फितीवर फिरवलं. काउंट, जिवंत बगळा. पुन्हा फिरवलं. काउंट, जिवंत बगळा. त्याचं तोंड उघडंच, आणि जीभ दिसत होती.

भालदारानं आपली पुडी उलगडून बघितली. "सरकार," तो म्हणाला, "आपल्याच हातचं पदक आहे. यावर ढाल सरळ. मी कशाच्या जोरावर उलटी करू?"

बॅरन काय बोलणार? मी वाटलेलं खोटं आहे? या बाईला मूल व्हायच्या आत मला किल्ल्यांची घाई आहे? भरल्या चर्चमध्ये, त्या आत्याबाईच्या कानात ओरडून? भालदारानं हातोडा पट्ट्यात खोचला आणि ढाल खिळ्याला सरळ टांगली. बाकावर काउंटेसच्या शेजारी लगेच तीन बायका येऊन बसल्या. एकीनं तिचा हात धरला. किळस वाटावी इतक्या पटकन.

दुसऱ्या दिवशी बॅरन मावशीच्या दारात, या वेळी रुमालाशिवाय. बाकावरचा शिशाचा नमुना उचलून तिच्या नाकासमोर नाचवत तो ओरडत होता की तिनं दुसरा ठसा कोरला, लबाडी केली. मावशीनं ठसा बाकावर ठेवला. त्यानं ठसा बघितला, नमुना बघितला. पिसाला पीस जुळत होतं. शेवटी क्विरीनला सुचलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बॅरनच्या आधी तोंड उघडलं: "फिरवलाय!"

"हो," मावशी म्हणाली. "मीच फिरवला."

"तुला या शहरात परत काम मिळणार नाही!"

"तसं करा. आत्ताच टाउन हॉलमध्ये जाऊ. तुम्ही सांगा की तुम्ही चर्चच्या दारात वाटलं ते खोटं होतं. मी सांगते का फिरवलं ते. आत्याबाईंनाही बोलावू, त्या मोठ्यानं बोलतात."

बॅरननं ओठ चाटले आणि तो गेला. त्यानंतर या माणसानं काय करावं? काउंटेसला दर दोन दिवसांनी वाफवलेली नासपतीची फळं पाठवायला लागला! "माझी लाडकी वहिनी" अशी चिठ्ठी जोडून. ती फळं दाई डुकरांना घालायची. डुकरं आधी हुंगायची.

आणि आम्ही वाट बघत बसलो. म्हणजे मी. मी गल्लीभर सांगत सुटले की मुलगा होणार, बॅरन पट्टा खाणार.

"मुलगी," मावशी म्हणाली. ती एका ल्यूथरवाल्या सावकाराच्या सिंहाला जीभ कोरत होती.

"काहीतरीच! मुलगाच. एवढं सगळं झालं ते काय मुलीसाठी?"

"पोट पसरट होतं. आणि बाई एवढी मातीवर तुटून पडते ती मुलीच्या वेळी. मुलगी."

"पैज?"

"पैज. हरलीस तर माझ्याकडं वजडी खायची, आंबट. वाडगाभर."

बैलाची वजडी, सिरक्यात शिजवलेली. मी ती कधीही खात नाही, घरात केली तर मी अंगणात जाते. पण मी हरणार नव्हतेच ना. मी तिच्या काळ्या हातावर हात मारला आणि नंतर बराच वेळ धुतला.

काउंटेस आपल्याच घरात, आपल्याच पलंगावर बाळंत झाली. दोन सुइणी, आत्याबाई आणि दाराबाहेर भालदार साक्षीला. मुलगी. तिला बगळा मिळाला नाही, वाडा आणि शेतं बॅरनकडं गेली, तो पट्टा अखेर भरला. पण बापाचं नाव तिला मिळालं आणि आईच्या वाटणीचं एक गाव मिळालं. जलोदराला गाव मिळत नाही.

पाठोपाठ क्विरीन आला: आता बगळा उलटा हवा, लगेच. मला वाटलं मावशी त्याला पिंपात बुडवेल. तिनं ठसे उचलले, टाकसाळीत गेली, आणि तिनं स्वतःच खाचेसमोर खाच लावली.

मी परत तिच्याकडं येईपर्यंत धुमसत होते. तिनं बाकावरचं सामान सरकवून वाडगा मांडला होता.

"तुला आधीपासून वाटत होतं ना मुलगी होणार?" मी म्हणाले. "मग बगळा उभा कशाला केलास? शेवटी झाला ना उलटा?"

"आता झाला. तेव्हा ती बाई तिथं बसलेली होती की, पोट घेऊन." तिनं चमचा माझ्याकडं ढकलला. "खा. गार झाली की चिकटते."

मी खाल्ली. ती दातांखाली मऊ होते आणि तुटत नाही, ओल्या लोकरीचा मोजा चावल्यासारखी, आणि सिरका नाकात चढतो, आणि एका बाजूला चाळणीसारखी भोकं असतात ती जिभेला लागतात. डोळ्यांतून पाणी येत होतं. मावशी समोर बसून सगळं बघत होती. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर कसलीही किळस नव्हती.

"अजून थोडी वाढू?" ती म्हणाली.